गाडी एकाची, नाव दुसऱ्याचं

१२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांनंतर वरळीला सीमेन्सच्या कारखान्याजवळ एक मारुती व्हॅन बेवारस सापडली. नंबर एमएफसी १९७२. आत शस्त्रं होती, पण पोलिसांना आरोपींचं घर असलेल्या माहीमच्या अल-हुसैनी इमारतीचा जिना दाखवला तो आरटीओच्या नोंदीतल्या नावाने. २५ फेब्रुवारी २०२१ ला कारमायकल रोडवर जिलेटिनच्या कांड्या ठेवलेली स्कॉर्पिओ सापडली, तेव्हा पाटी खोटी निघाली, चेसिस नंबर घासलेला होता, आणि गाडी कागदावर एकाची व ताब्यात दुसऱ्याच्या असल्याचं विधानसभेत सांगितलं गेलं. ही प्रकरणं अर्थात फार वेगळ्या जातीची आहेत. परळ-लालबागला चार-पाच लाखांत जुनी गाडी शोधणाऱ्या माणसाचा त्यांच्याशी काही संबंध नाही. तरीही नोंदीतल्या नावाचं वजन किती असतं आणि ते नाव गाडीपासून किती सहज सुटतं, या दोन्ही गोष्टी इतक्या उघडपणे क्वचितच दिसल्या असतील. गेल्या पन्नास वर्षांकडे मागे वळून पाहिलं तर वापरलेल्या गाडीतली फसवणूक इंजिनातून कागदात आणि कागदातून संगणकातल्या नोंदीत सरकत गेलेली दिसते. घेणाऱ्याची नजर मात्र अजून बॉनेटखालीच आहे.

ही सवय लागली तेव्हा ती चुकीची नव्हती. फियाटच्या, म्हणजे पुढे प्रीमियर पद्मिनी झालेल्या गाडीच्या जमान्यात नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिच्याही बुकिंगला रांगा लागल्या. नवी मिळत नाही म्हटल्यावर जुनीचा भाव टिकून राही आणि गाडी मिळाली याच आनंदात घेणारा फार प्रश्न विचारत नसे. फसवाफसवी तेव्हाही चाले. गंजलेल्या पत्र्यावर पुट्टी भरून रंग मारायचा, इंजिनाचा आवाज दबावा म्हणून जाड ऑइल भरायचं, मीटर मागे फिरवायचं. पण ती गाडी साधी होती. तिचं काम ओळखणारा मिस्त्री गल्लीत होता आणि सुटे भाग ऑपेरा हाउसच्या दुकानांत मिळत. समुद्राच्या खाऱ्या हवेने खालचा पत्रा किती खाल्लाय हे गाडीखाली आडवं होऊन कळे. जी लबाडी डोळ्यांना आणि कानांना सापडते तिला मर्यादा असते, म्हणून ‘मिस्त्रीला दाखवून घ्या’ हा त्या काळचा सल्ला पुरेसा होता.

त्याच काळात दुसरी, जास्त खोल जाणारी पद्धत रुजली, ती टीटी फॉर्मची. विकणाऱ्याने हस्तांतरणाच्या फॉर्मवर सही करायची, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरी ठेवायची, आणि चावी दलालाच्या हाती द्यायची. दलालाला आपलं नाव लावायचं नसे, कारण त्यात खर्च होता, वेळ जाई आणि आरसी बुकात एक मालक वाढला की भाव पडे. असे सही केलेले २९ आणि ३० नंबरचे फॉर्म गाडीबरोबर एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिले. कायदा याबाबत कधीच संदिग्ध नव्हता. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं. पण ताडदेवच्या आरटीओत जायचं म्हणजे एक दिवस मोडणार, शिवाय एजंटाचे पैसे. तेव्हा ‘करू सावकाश’ हाच खरा कायदा झाला. चार हात फिरलेली गाडी कागदावर दहा वर्षांपूर्वीच्या मालकाकडेच राहिली.

त्याचे परिणाम न्यायालयांत दिसले. १९८८ च्या कायद्यात ‘मालक’ म्हणजे ज्याच्या नावे नोंदणी आहे तो, अशी व्याख्याच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये टी. व्ही. जोस, २०११ मध्ये पुष्पा ऊर्फ लीला आणि ६ फेब्रुवारी २०१८ ला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणांत एकच सूत्र धरलं: नोंद बदलली नसेल तर अपघातग्रस्ताला भरपाई देण्याची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. शेवटच्या प्रकरणात तर गाडी विकल्यावर पुढे आणखी हात फिरली होती. अपघातात सापडलेल्या माणसाने मालकांची साखळी शोधत बसायचं का, हा न्यायालयाचा प्रश्न अगदी रास्त आहे.

यावर कुणी म्हणेल की हे ओझं विकणाऱ्याचं झालं, घेणाऱ्याने त्याची चिंता का करावी? कारण नोंद लांबली की घेणाराही तितकाच उघडा पडतो. कलम १५७ मुळे गाडीबरोबर विमाही आपोआप येतो असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात कम्प्लीट इन्सुलेशन्स विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स या १९९५ च्या निकालाने स्पष्ट केलं की ही आपोआप बदली फक्त तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरती आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा किंवा चोरीचा विमा नाव बदलून घेतल्याशिवाय लागू होत नाही. आरसीवर बँकेचा बोजा असेल आणि बँकेची एनओसी व ३५ नंबरचा फॉर्म हातात नसेल, तर पैसे देऊनही गाडीवर पहिला हक्क बँकेचाच. आणि नोंद जुन्या नावावर असेपर्यंत लबाड विकणारा ‘आरसी हरवली’ म्हणून दुसरी प्रत काढू शकतो. इतकं सगळं ज्या नोंदीवर अवलंबून आहे ती पाहायला लोक सर्वात शेवटी जातात, बहुधा टोकन दिल्यानंतर.

नोंद पाहिली म्हणजे काम झालं असंही नाही, आणि माझ्या म्हणण्यावरचा सर्वात सबळ आक्षेप हाच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम ७३. एमएच-०१ पासिंगची, म्हणजे ताडदेवला नोंदलेली गाडी त्या दिवशी कुलाब्यात उभी होती, हिंदमाताला की कुर्ल्याला, आणि पाण्यात बुडाली की नाही, हे पाटी सांगत नाही. विमा कंपनीने ‘टोटल लॉस’ ठरवलेली गाडी भंगाराच्या भावाने विकली जाते. कलम ५५ प्रमाणे तिची नोंदणी रद्द करून घ्यायला हवी, पण ती तशीच राहिली तर तिचे कागद तिच्यापेक्षा मोलाचे ठरतात. त्याच मॉडेलच्या चोरीच्या गाडीवर ते कागद आणि तो चेसिस नंबर चढवला की स्वच्छ नोंदीची गाडी तयार. पाण्याचा डाग किंवा चेसिसवरचा ताजा ठोका शोधायला मिस्त्री लागतोच. पण त्याने नेमकं काय शोधायचं हे कागदच ठरवतात. विमा मध्येच वर्षभर खंडित का झाला, एनओसी दुसऱ्या राज्यातून का आली, दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या बंदीमुळे ती इथे स्वस्तात आली आहे का, अशा प्रश्नांनंतरच बॉनेट उघडण्याला अर्थ येतो.

मीटरचंही तसंच. हल्लीचं डिजिटल मीटर लॅपटॉप जोडून काही मिनिटांत मागे नेतात आणि कुठे ओरखडाही उठत नाही. गिरगाव-दादरमध्ये ही लबाडी विशेष खपते, कारण इथे कमी रनिंग पटण्यासारखं असतं. माणूस लोकलने ऑफिसला जातो, गाडी चाळीबाहेर ताडपत्रीखाली उभी आणि रविवारी फार तर अलिबाग. खरी असली तरी अशी उभी राहिलेली गाडी चांगलीच असते असं नाही. होज कडक होतात, वायरी उंदीर कुरतडतात. आकड्याची शहानिशा सर्व्हिसच्या बिलांवरूनच होते. टायरवर छापलेला चार आकडी आठवडा-वर्षाचा कोडही बरंच बोलतो: चाळीस हजार किलोमीटरच्या गाडीचे चारही टायर आधीच बदललेले असतील तर कारण विचारावं.

आता मारुतीचं ट्रू व्हॅल्यू आहे, २०१५ पासून कार्स२४ सारख्या कंपन्या आल्या, मग ही जुनी कहाणी कशाला, असंही विचारता येईल. खरा बदल मात्र कायद्याने केला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना अधिकृत नोंदणी सक्तीची केली आणि १ एप्रिल २०२३ पासून गाडी विक्रेत्याच्या ताब्यात गेली की ती नोंदवायची, आणि पुढे विकली जाईपर्यंत विक्रेत्यालाच मालक मानायचं, असा नियम आला. कोऱ्या टीटी फॉर्मची जागा अखेर कुणीतरी भरली, चाळीस वर्षं उशिरा का होईना. पण हा नियम विक्रेत्याला लागू होतो. आपल्याकडे अजून कितीतरी गाड्या मंडळातल्या ओळखीच्या माणसाकडून, ऑफिसातल्या साहेबाकडून, मेहुण्याच्या मित्राकडून घेतल्या जातात, आणि नाव बदलायला सर्वात जास्त उशीर याच व्यवहारांत होतो. ओळखीच्या माणसाला ‘आधी नावावर करून द्या’ म्हणायची लाज वाटते.

या लाजेला आता सबब उरलेली नाही. २०२१ पासून हस्तांतरणाचा अर्ज आधार पडताळणीने घरबसल्या करण्याची सोय आहे. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवरच्या नोंदीत मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असलं तरी बोजा, विमा आणि नोंदणीची मुदत दिसते, ई-चलनंही ऑनलाइन तपासता येतात. विकणारा विचारेल, पूर्ण पैसे मिळाल्याशिवाय मी नाव का सोडू? त्याची भीतीही खोटी नाही. मध्यम मार्ग असा की थोडी रक्कम बाजूला ठेवावी, हे लेखी लिहून घ्यावं, आणि नोंदीत नवं नाव दिसलं त्या दिवशी ती चुकती करावी. घेणाऱ्याने उशीर केला तर पुढची चलनं आणि अपघाताचे दावे विकणाऱ्याच्याच दारात येणार असतात, त्यामुळे हे त्याच्याही सोयीचं आहे.