जलजीवालयातील काष्ठ

नदीकाठी, जलाशयात किंवा समुद्रकिनाऱ्यावर वाहत आलेले झिजलेले लाकूड शोभेसाठी व माशांना आडोसा मिळावा म्हणून जलजीवालयात ठेवतात. त्यावर वाढणारे शैवल व सूक्ष्मजीव काही माशांचे खाद्य होय. दक्षिण अमेरिकेतील पॅनाक वंशाचे मार्जारमीन तर लाकूडच खरवडून खातात. ते त्यांना पचते असे पूर्वी मानीत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मात्र तसे आढळले नाही.

लाकूड उकळले की निर्धोक होते, हा समज अपुरा आहे. उकळण्याने कीटक, कवके व बहुतेक सूक्ष्मजंतू मरतात. परंतु वनस्पतिज विषे, रेझिने, कीटकनाशके व धातूंची लवणे यांबाबत तशी खात्री देता येत नाही. त्यामुळे लाकूड कोणत्या वृक्षाचे, हा प्रश्न प्रथम येतो. गेळ्याची फळे, हिंगणबेटाची साल व फळे, कुंभ्याची साल इ. पाण्यात टाकून मासे गुंगविण्याची पद्धत भारताच्या वनप्रदेशांत जुनी आहे. यांपैकी अनेक वनस्पतींत सॅपोनिने असतात. ती क्लोमांच्या (कल्ल्यांच्या) नाजूक आवरणास इजा करतात व मासा गुदमरतो. असे वृक्ष टाळावेत हे उघड आहे. पण साल गेलेल्या ओंडक्यावरून ते ओळखणे अनुभवी माणसासही कठीण जाते. म्हणून ज्याचे मूळ झाड पाहिलेले आहे, असेच लाकूड घेणे श्रेयस्कर. कण्हेर व शेर वर्ज्य होत. खाडीकाठच्या गेव्याचा चीक डोळ्यांत गेल्यास तात्पुरते अंधत्व येते, तेव्हा तो उकळणाऱ्यासही अपायकारक ठरेल. चीड, देवदार यांसारखी रेझिनयुक्त लाकडे, क्रिओसोट लावलेले रेल्वेचे शिळपाट (स्लीपर) व रंगविलेल्या होड्यांचे अवशेषही घेऊ नयेत. द्राक्षवेलीची पिळदार खोडे मोहक दिसतात. परंतु ती पाण्यात लवकर कुजतात आणि त्यांवर ताम्रयुक्त कवकनाशके फवारलेली असण्याचा संभव असतो. गोगलगायी व कोळंबी यांना तांबे अल्प प्रमाणातही मारक असते. पेरूचे जुने, वाळलेले लाकूड बरेच वापरात आहे.

ओले लाकूड वापरीत नाहीत. त्यातील शर्करा व इतर रस पाण्यात उतरून सूक्ष्मजंतूंची बेसुमार वाढ होते व पाण्यातील ऑक्सिजन घटतो. वाळलेल्या लाकडाची साल पूर्ण काढून, नख रुतेल इतका मऊ भाग तासून टाकतात व ते ताठ ब्रशाने घासतात. साबण लावीत नाहीत. नंतर स्टीलच्या भांड्यात पाणी बदलून एक-दोन तास उकळतात. भांड्यात न मावणारा ओंडका पिंपात ठेवून त्यावर वारंवार कढत पाणी ओततात. विरंजक द्रव लाकडात मुरून पुढे हळूहळू बाहेर पडतो, म्हणून तो टाळणेच बरे. समुद्राकाठच्या लाकडातील मीठ जाण्यासाठी ते काही आठवडे पाणी बदलत भिजवावे लागते.

भिजविण्याचा दुसरा हेतू लाकूड बुडावे हा होय. कोशिकाभित्तींचे विशिष्ट गुरुत्व सु. १·५ असते; लाकूड तरंगते ते पोकळ्यांतील हवेमुळे. तेथे पाणी शिरले की ते तळाशी बसते. अंजनासारखे जड लाकूड प्रारंभीच बुडते.

पाण्यास येणारा तपकिरी रंग टॅनिनांचा असतो. त्यांमुळे पाणी किंचित अम्लधर्मी होते. ॲमेझॉनच्या रिओ नेग्रो या उपनदीतील माशांना असे पाणी मानवते. दख्खनच्या पठारावरील विहिरींच्या कठीण पाण्यात बायकार्बोनेटांमुळे हा परिणाम फारसा जाणवत नाही, रंग तेवढा उतरतो.

अभयारण्यातून व राष्ट्रीय उद्यानातून परवान्याशिवाय लाकूड नेण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मनाई आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये तर वाहून आलेल्या व काठास लागलेल्या इमारती लाकडासाठी स्वतंत्र प्रकरण असून, ठराविक क्षेत्रांत कोणाचा हक्क सिद्ध होईपर्यंत ते शासनाचे मानले जाते. पुष्कळ हौशी संग्राहकांना याची कल्पना नसते.

जलजीवालयात ठेवल्यावर काही दिवसांत लाकडावर पांढरट बुळबुळीत थर येतो. तो कवकांचा व सूक्ष्मजंतूंचा असून बहुधा निरुपद्रवी असतो. गोगलगायी तो खातात किंवा ब्रशाने काढता येतो. मात्र पाण्यावर तेलकट तवंग येऊ लागला, ते ढवळल्यावर फेस टिकून राहू लागला अथवा सडक्या अंड्यांसारखा वास आला, तर लाकूड तत्काळ बाहेर काढून निम्मे पाणी बदलतात.