योगासनांत शरीराची मर्यादा कशी ओळखावी?

२१ जूनचा आंतरराष्ट्रीय योग दिन जवळ आला की मैदानांवर, शाळांत आणि सोसायट्यांच्या गच्च्यांवर सामूहिक योगवर्ग भरू लागतात. शेकडो माणसे एकाच सूचनेवर एकाच वेळी वाकतात. शेजाऱ्याची बोटे पायाच्या अंगठ्याला टेकलेली पाहून आपलीही टेकवण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. गुडघा, मान, कंबर किंवा खांदा दुखावण्यास एवढे निमित्त पुरते.

वस्तुतः ही ओढाताण योगशास्त्राला मान्य नाही. पतंजलींनी योगसूत्रांत आसनाचे लक्षण सांगताना स्थैर्य आणि सुख या दोनच कसोट्या दिल्या. पुढच्याच सूत्रात प्रयत्न शिथिल करण्याचा उल्लेख येतो. किती वाकावे याचे मोजमाप तेथे नाही. हठप्रदीपिकेने योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टींत अतिआहाराच्या जोडीने अतिश्रमही मोजला आहे. प्राणायाम तर हिंस्र पशू माणसाळवण्याइतक्या सबुरीने साधावा, अन्यथा तो साधकावरच उलटतो, असा इशारा त्या ग्रंथात आहे.

मर्यादा म्हणजे नेमके काय, हे पद्मासनावरून चांगले समजते. मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या खोबणीत बसतो. ती खोबणी किती खोल आहे, तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि हाडाची मान कोणत्या कोनात वळलेली आहे, हे माणसागणिक वेगळे असते. ज्यांचा पाय खुब्यातून बाहेरच्या बाजूस पुरेसा वळतो, त्यांना पद्मासन सहज जमते. ज्यांचा वळत नाही, त्यांनी पाऊल हाताने ओढून मांडीवर चढवले की उरलेला पीळ गुडघ्यावर येतो. गुडघा हा मुख्यतः दुमडण्या-उघडण्यासाठी घडलेला सांधा आहे. पीळ सोसण्याची त्याची क्षमता बेताचीच. त्यातून आतील कूर्चेची गादी किंवा अस्थिबंध दुखावू शकतात. स्नायूंचा ताठरपणा सरावाने कमी होतो, पण प्रौढ वयात सांध्याची घडण सरावाने बदलत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे अभ्यास करूनही पद्मासन न जमणाऱ्या साधकाला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे.

ताण आणि दुखापत यांतील फरक जागेवरून व जातीवरून ओळखता येतो. स्नायूच्या मध्यभागी जाणवणारा, पसरलेला आणि आसन सोडताच ओसरणारा ताण सहसा निर्धोक असतो. सांध्यात उठणारी तीव्र कळ, हातापायाला येणाऱ्या मुंग्या, बधिरता किंवा चक्कर यांपैकी काहीही जाणवले तर आसन तेथेच, पण हळूहळू सोडावे. पुढे वाकताना बैठकीच्या हाडापाशी दुखू लागले, तर ताण स्नायूऐवजी त्याच्या हाडाशी जोडलेल्या टोकावर येत असल्याची शक्यता असते. तेथे जोर वाढवू नये. हिसका देऊन वाकणेही निरुपयोगीच. स्नायू एकदम ताणला गेला की प्रतिक्षिप्त क्रियेने तो उलट आकसतो.

श्वास हे सर्वांत सोपे मापक आहे. तो अडखळू लागला, नकळत रोखला गेला किंवा जबडा आवळला गेला, की मर्यादा ओलांडली गेली असे समजण्यास हरकत नाही. याला एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा लागतो. ज्यांचे सांधे जन्मतःच अतिलवचिक असतात, त्यांना ताण उशिरा जाणवतो. वर्गात ज्यांचे कौतुक होते, त्यांनाच कधी कधी अधिक जपण्याची गरज असते.

काही मर्यादा आजारामुळे येतात. काचबिंदूच्या रुग्णांनी शीर्षासनासारखी उलटी आसने टाळावीत, कारण त्यांत डोळ्यातील दाब वाढतो. अनियंत्रित रक्तदाब किंवा मानेच्या मणक्यांचा विकार असणाऱ्यांनाही ती वर्ज्य आहेत. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तींनी पाठीला बाक देऊन खोल वाकू नये. मणका दबून मोडण्याचा धोका असतो. आयुष मंत्रालयाच्या सामान्य योग अभ्यासक्रमातही प्रत्येकाने आपल्या कुवतीनुसार अभ्यास करावा, असे म्हटले आहे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन ते तीन महिने भुजंगासन करू नये, अशी स्पष्ट सूचना त्यात आहे.

मर्यादा मान्य केली म्हणून अभ्यास थांबत नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, लाकडी ठोकळे, घोंगड्या आणि खुर्च्या यांच्या आधाराने आसने शिकवण्याची पद्धत विकसित केली व ती जगभर रुजली. जमिनीपर्यंत हात न पोहोचणाऱ्याने ठोकळ्यावर हात टेकला, तर पाठीचा कणा सरळ राहतो आणि आसनाचा हेतू साधतो.

वर्गात नव्याने जाणाऱ्यांनी जुनी दुखापत, शस्त्रक्रिया, गर्भारपण आणि चालू औषधे यांची माहिती शिक्षकांना पहिल्याच दिवशी द्यावी. शिक्षक हाताने दाबून आसन ‘पूर्ण’ करवत असतील, तर त्यांना थांबण्यास सांगण्याचा अधिकार साधकाला आहे. नेमकी कळ कोठे उठते आहे, हे बाहेरून दाब देणाऱ्याला कळत नसते.