चौकट : वऱ्हाडातल्या कॉलेजचा हवामान आराखडा

अमरावतीत 1923 साली सुरू झालेले किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे आजची विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था. अकोल्यात 1969 पासूनचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. वऱ्हाडात अशी प्रशस्त आवारे आहेत. आराखड्याची सुरुवात तिथूनच व्हावी.

ऊन : मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो. दुपारी गच्चीवर चपलेतूनही चटका बसतो. गच्चीला चुन्याचा पांढरा थर दिला, तर खालचे वर्ग थंड राहतात.

वीज : 1 किलोवॉट सौर पॅनेलला सुमारे 100 चौरस फूट जागा लागते. त्यातून दिवसाला साधारण 4 युनिट वीज मिळते.

पाणी : वर्षाला 800 मिमी पाऊस धरला, तर 1,000 चौरस मीटर छतावर 8 लाख लिटर पाणी पडते. गळती-बाष्पीभवन वजा जाता सहा लाखांहून अधिक साठवता येते. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी खारे. तिथे पावसाचे पाणी टाक्यात किंवा शेततळ्यातच साठवावे.

पालापाचोळा : कडुनिंबाची पानगळ पेटवू नका. खड्ड्यात शेणकाल्यासोबत ती कुजवली, की काही महिन्यांत खत तयार होते.

हिशेब : नॅकच्या महाविद्यालयीन मूल्यांकनात पर्यावरणविषयक उपक्रम मोजले जातात. पण फाईल भरली म्हणजे काम झाले नाही. दरमहा वीजबिल आणि पाण्याचा मीटर विद्यार्थ्यांनी वाचावा, आकडे सूचनाफलकावर लावावेत. येत्या जूनआधी एक तरी छत पावसासाठी तयार ठेवा.