हिऱ्याचे पैलू आणि पेटंटची भिंत

जगातील बहुतांश हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात, हे सर्वश्रुत आहे. मात्र पैलू पाडण्यापूर्वीचा महत्त्वाचा निर्णय आज संगणकाच्या पडद्यावर होतो, हे बाहेरच्यांना फारसे ठाऊक नसते. कच्चा हिरा यंत्रात ठेवला की त्याचा आकार आणि आतील दोष त्रिमितीत टिपले जातात. तो कसा कापल्यास सर्वाधिक मोल येईल, हे सॉफ्टवेअर सुचवते. कारागिराच्या नजरेचे बरेचसे काम असे गणिताकडे गेले आहे. साहजिकच, ते गणित कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न सुरतेत केवळ पुस्तकी राहिलेला नाही. या क्षेत्रातील अग्रगण्य इस्रायली कंपनी सरिन टेक्नॉलॉजीज हिने आपल्या पेटंट व कॉपीराइट हक्कांसाठी सुरतेतील काही उद्योगांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आहे.

हे दोन हक्क एकच नव्हेत. कॉपीराइट लिहिलेल्या आज्ञावलीचे रक्षण करतो. दुसऱ्याची आज्ञावली न पाहता एखाद्याने तेच काम करणारे सॉफ्टवेअर स्वतः लिहिले, तर कॉपीराइटचा भंग होत नाही. पेटंट मात्र पद्धतीवरच ताबा देते. वीस वर्षांच्या मुदतीत ती पद्धत इतर कोणी स्वतंत्रपणे शोधली तरी विनापरवाना वापरता येत नाही. ‘मी नक्कल केली नाही’ हा बचाव येथे चालत नाही.

म्हणूनच सॉफ्टवेअरला पेटंट द्यावे की नाही, हा वाद भारतात वारंवार झाला. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३ (के) नुसार गणिती पद्धती, व्यवसायपद्धती, अल्गोरिदम आणि ‘निव्वळ संगणक आज्ञावली’ हे शोध मानले जात नाहीत. ही तरतूद २००२ च्या दुरुस्तीने आली. डिसेंबर २००४ मधील वटहुकुमाने तिला पळवाट दिली : उद्योगातील तांत्रिक उपयोग किंवा हार्डवेअरशी जोड असल्यास पेटंट शक्य झाले. संसदेने २००५ मध्ये कायदा करताना ती पळवाट बुजवली. पुढे ऑगस्ट २०१५ मध्ये पेटंट कार्यालयाने काढलेली मार्गदर्शक तत्त्वे मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांच्या आणि देशी उद्योगांच्या आक्षेपांमुळे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्थगित झाली. तरीही ‘निव्वळ’ या एका शब्दाने दार किलकिले ठेवले आहे. आज्ञावलीचा ‘तांत्रिक परिणाम’ दाखवता आल्यास पेटंट नाकारू नये, असा कल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात दर्शवला.

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला या किलकिल्या दाराची धास्ती अधिक का? पहिले कारण म्हणजे त्याची आज्ञावली सर्वांसमोर उघडी असते. पेटंटधारकाला तीत आपली पद्धत शोधणे सोपे जाते. दुसरे, पेटंटचे शुल्क बहुधा प्रतीमागे आकारले जाते. परंतु मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रती कोणीही काढतो, त्यांची मोजदाद कोण ठेवणार? तिसरे, दावा लढवण्याइतका पैसा स्वयंसेवकांपाशी नसतो. ‘जीपीएल’ परवान्याची तर अटच अशी, की पेटंटमुळे पुढच्याला तेच स्वातंत्र्य देता येत नसेल तर वितरणच थांबवावे.

याचे परिणाम जगाने पाहिले आहेत. ‘जीआयएफ’ चित्रांमागील पद्धतीवर युनिसिस कंपनीने १९९४ मध्ये शुल्क मागितले, तेव्हा त्याला पर्याय म्हणून ‘पीएनजी’ हा मुक्त स्वरूपबंध जन्मला. फेडोरासारख्या काही लिनक्स प्रणाली कित्येक वर्षे ‘एमपी३’ गाणी वाजवण्याची सोय देऊ शकत नव्हत्या. २०१७ मध्ये पेटंटची आडकाठी सरली. २०१९ मध्ये छायाचित्रे हाताळणाऱ्या ‘शॉटवेल’वरून नोम फाउंडेशनवर अमेरिकेत दावा झाला. देणग्यांच्या बळावर संस्थेने लढा दिला आणि २०२० मध्ये तडजोड झाली. तीत वादी पक्षाने आपल्या पेटंटांवरून मुक्त सॉफ्टवेअरला न छेडण्याचे मान्य केले.

पेटंटधारकांचीही बाजू आहे. हिऱ्याच्या अंतरंगाचा नकाशा काढणारे यंत्र वर्षानुवर्षांच्या संशोधनातून उभे राहते. त्याचा मोबदला न मिळाल्यास पुढचे संशोधन कोण करील? हा युक्तिवाद यंत्राला, प्रकाशयोजनेला, मोजणीच्या साधनाला लागू पडतो. मात्र, आज्ञावली ही शेकडो लहान कल्पनांची वीण असते. प्रत्येक धाग्यावर कोणाचा तरी हक्क असेल, तर लहान विणकराला कापडच विणता येणार नाही.

सुरतेच्या दुसऱ्या उद्योगात हे सहज उमजते. भरतकामाची यंत्रे संगणकावर आखलेल्या नक्षीनुसार टाके घालतात. ‘इंकस्केप’ आणि त्याला जोडले जाणारे ‘इंक/स्टिच’ या मुक्त सॉफ्टवेअरमधून अशी नक्षी विनामूल्य आखता येते. महागडा परवाना न परवडणाऱ्या लहान कारखानदाराला हा आधार आहे. टाके आखण्याच्या साध्या पद्धतींवर पेटंटे बसली तर तो डळमळू शकतो.

गोमंतकीयांनाही हा विषय परका नाही. या शतकाच्या आरंभी गोव्यातील शाळांमध्ये वापरलेले संगणक आणून त्यांवर लिनक्स चालवण्याचा प्रयोग झाला होता. परवान्याचा खर्च नसल्यानेच तो शक्य झाला. उद्या एखाद्या गोमंतकीय तरुणाने घरी बसून सॉफ्टवेअर लिहिले, तर त्याला वकिलाचा सल्ला आधी घ्यावा लागू नये, एवढीच कलम ३ (के) मागची भूमिका. ‘निव्वळ’ या शब्दाचा अर्थ न्यायालये व पेटंट कार्यालय किती ताणतात, यावर ती टिकेल की नाही हे ठरेल.