बंद पोर्ट आणि न पोचलेली मेल

संपर्काचा अर्ज भरला जातो, खाली ‘तुमचा संदेश पाठवला आहे’ अशी हिरवी पट्टी झळकते आणि मेल कुणालाच मिळत नाही. वर्डप्रेसवर चालणाऱ्या वेबसाइटची ही फार जुनी तक्रार. मग मालक प्लगइन बदलतो, पासवर्ड पुन्हा टाकतो, थीम बदलून पाहतो. पुष्कळदा दोष यांपैकी कशातच नसतो. होस्टिंग कंपनीने सर्व्हरवरून बाहेर जाणारे मेलचे पोर्ट बंद ठेवलेले असतात, तेही समजून-उमजून. या बंदीला बिघाड समजले की शोध पहिल्याच पावलाला चुकीच्या दिशेने जातो. ती एक व्यवस्था आहे. तिच्यामागचे कारण कळले, तर तिच्याशी झगडण्यापेक्षा मेलची वाट बदलणे शहाणपणाचे का, हेही कळते.

आधी ती हिरवी पट्टी. वर्डप्रेस मेल पाठवण्याचे काम पीएचपीमेलर या लायब्ररीवर सोपवते. वेगळे काही सांगितले नसेल, तर ही लायब्ररी त्याच सर्व्हरवरच्या सेंडमेलसारख्या प्रोग्रामकडे मेल देते. त्याने ती स्वीकारली की वर्डप्रेसच्या लेखी काम संपले. म्हणजे ‘पाठवले’ याचा अर्थ फक्त ‘सोपवले’. पुढे त्या प्रोग्रामला समोरच्या मेल सर्व्हरच्या २५ क्रमांकाच्या पोर्टशी जोडणी करायची असते. तो रस्ता बंद असेल तर मेल रांगेत पडून राहते आणि काही दिवसांनी परत येते. परतीचा हा निरोपही बहुधा सर्व्हरवरच्या, कुणीच न उघडणाऱ्या पत्त्यावर जातो. प्लगइनच्या सेटिंगमध्ये यातले काही दिसत नाही, म्हणून तिथे कितीही शोधले तरी हाती काही लागत नाही.

बंदीचे मूळ एसएमटीपी या मेल पाठवण्याच्या पद्धतीच्या घडणीत आहे. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये लिहिलेल्या मानकात, पाठवणारा खरोखर कोण हे सिद्ध करायची सोयच नव्हती. मोजक्या, परस्परांना ओळखणाऱ्या संगणकांच्या जाळ्यात ते चालून गेले. आज एकाच सर्व्हरवर, एकाच आयपी पत्त्यामागे शेकडो साइट असतात. त्यातल्या एकीच्या जुन्या प्लगइनमधून कुणी आत शिरला आणि रातोरात स्पॅम पाठवू लागला, तर तो आयपी पत्ता काळ्या यादीत जातो आणि शेजारच्या सगळ्या निर्दोष साइटची मेल नाकारली जाते. म्हणून ऍमेझॉनच्या ईसी२वर २५ क्रमांकाचा पोर्ट मुळातच बंद असतो, गुगल क्लाउडवरही पुष्कळदा तसेच असते. डिजिटलओशनच्या ड्रॉपलेट या सर्व्हरवर तर २५बरोबर मेलचे ४६५ आणि ५८७ हे पोर्टही बंद आहेत.

इथे एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. ५८७ हा पोर्ट डिसेंबर १९९८च्या मानकाने मुद्दाम वेगळा काढला, तो मेल जमा करण्यासाठी; आज तिथे नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो. मग तो का अडवायचा? इंटरनेट पुरवणाऱ्यांनी आपल्या ग्राहकांसाठी हा पोर्ट अडवू नये, असे २००७च्या मार्गदर्शक दस्तऐवजात स्पष्ट लिहिले आहे. होस्टची बाजू अशी की चोरलेले पासवर्ड वापरून इथूनही स्पॅम पाठवता येते. ते खरे आहे. तरी तिथे खाते कुणाचे हे कळते आणि ते बंद करता येते. म्हणून २५ची बंदी मला पूर्ण पटते, ५८७ची गरजेपेक्षा कडक वाटते. पण जी बंदी ग्राहकाला न सांगता घातली जाते, ती मात्र कोणत्याही पोर्टवर असली तरी अन्यायाची आहे.

प्लगइन सेंडमेलऐवजी थेट बाहेरच्या मेल सर्व्हरशी जोडणी करत असेल, तर निदान करताना त्याची एरर नीट वाचावी. जोडणीची वेळ संपली अशी एरर आली, तर फायरवॉल गुपचूप सगळे गिळत असण्याची शक्यता मोठी. जोडणी नाकारली गेली, तर पलीकडे कुणी ऐकत नाही किंवा वाटेतच कुणीतरी नकार देत आहे. पासवर्ड चुकीचा असे उत्तर आले, तर बहुधा ती चांगली बातमी आहे: निदान पोर्ट तरी उघडा आहे. सर्वांत फसवा प्रकार सर्टिफिकेटचा. काही सीपॅनेल सर्व्हर बाहेर जाणारी मेलची जोडणी परस्पर आपल्याच मेल सर्व्हरकडे वळवतात. प्लगइन जीमेलला हाक मारते, पण समोर येणारे सर्टिफिकेट होस्टच्या नावाचे असते. अशा वेळी पडताळणीच बंद करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो धोक्याचा आहे, कारण मग जीमेलसाठीचा पासवर्ड भलत्याच सर्व्हरच्या हाती जातो. पोस्ट एसएमटीपी या प्लगइनमध्ये कोणते पोर्ट खुले आहेत हे तपासून सांगणारी चाचणी आहे. अशी चाचणी प्रत्येक मेल प्लगइनमध्ये अगदी पहिल्या पडद्यावर हवी.

उपायांत पहिला मान होस्टच्या स्वतःच्या रिले सर्व्हरचा, तो असेल तर. दुसरी वाट ४४३ या पोर्टची. मेल सेवेच्या एपीआयला संदेश नेहमीच्या एचटीटीपीएसने दिला की एसएमटीपीचा पोर्ट लागतच नाही. वर्डप्रेसला स्वतःची अपडेट आणायलाही हीच वाट लागते, त्यामुळे ती सहसा कुणी बंद करत नाही. काही सेवा २५२५ हा पोर्टही देतात. तो कोणत्याही मानकात नाही, पण अडचणीला उपयोगी पडतो. यातले काहीही निवडले तरी डोमेनची मेल खरी आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदींत नव्या सेवेला जागा द्यावी लागते. अर्ज भरणाऱ्याचा जीमेल पत्ता प्रेषक म्हणून घालायची सवयही सोडावी लागते. प्रेषकाच्या जागी आपल्याच डोमेनचा पत्ता हवा आणि त्या माणसाचा पत्ता उत्तरासाठीच्या रकान्यात.

यावर कुणी म्हणेल, यामुळे मेल मूठभर कंपन्यांच्या हाती जाते आणि छोट्या साइटवर आणखी एक परावलंबन लादले जाते. हे नुकसान खरे आहे. पण काळ्या यादीतल्या आयपी पत्त्यावरून पाठवलेली मेल स्वतंत्र असते आणि पोचत नाही. डोमेन आपल्या नावावर असेल, तर सेवा बदलायला काही नोंदी आणि एक एपीआय की बदलावी लागते, एवढेच. काळजी घ्यायची ती दुसऱ्याच जागी. एपीआय कीला फक्त मेल पाठवण्याचा अधिकार द्यावा. मेलचे लॉग साइटवर साठवत असाल, तर ते थोडेच दिवस ठेवावेत: २०२५मध्ये पोस्ट एसएमटीपीच्या अशाच लॉगमधल्या मेल लॉगइन न करताही वाचता येतात असे उघड झाले, आणि त्यांत पासवर्ड बदलण्याच्या लिंकही होत्या.