बिडी सुटली, मग धडधड का वाढली?

‘बिडी सोडली आणि दुखणं वाढलं’ ही तक्रार छातीच्या डॉक्टरांकडे नेहमी येते. वर्षानुवर्षं धाप लागणारा माणूस, हाताशी पंप, रोजच्या थिओफिलिनच्या गोळ्या. घरच्यांनी मागे लागून लागून तो एकदाची बिडी टाकतो. पण आठवडाभरात छातीत धडधडायला लागतं, बोटं थरथरतात, मळमळतं, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. शेजारी सांगतात, ‘इतक्या वर्षांची सवय, एकदम सोडलेली अंगाला मानवत नाही.’ मग दोन झुरके मारले जातात, तलफ भागते, जरा बरं वाटतं आणि शेजाऱ्यांचं म्हणणं खरं ठरतं.

या माणसाचा त्रास खोटा नाही. फक्त तो बिडी नसल्यामुळे झालेला नसून बऱ्याचदा गोळीमुळे झालेला असतो. बिडी-सिगारेटच्या धुरात डांबराच्या जातीचे हायड्रोकार्बन असतात. ते रक्तातून यकृतात पोचतात आणि तिथे सीवायपी१ए२ नावाच्या एन्झाइमचं प्रमाण वाढवतात. औषधं मोडून शरीराबाहेर काढणाऱ्या एन्झाइमांपैकी हे एक. ओढणाऱ्याच्या शरीरात ते जोरात चालतं, म्हणून थिओफिलिन त्याच्या रक्तातून लवकर नाहीसं होतं आणि डॉक्टरही गुण येईल अशा बेताने डोस चढवत नेतात. धूर थांबला की काही दिवसांतच हे एन्झाइम मूळ पातळीवर येतं. गोळी मात्र तीच, तेवढीच. रक्तातलं औषध साचत जातं. थिओफिलिनच्या गुणकारी आणि त्रासदायक मात्रेत अंतर फार थोडं असल्याने धडधड, थरथर, मळमळ सुरू होते.

चहा-कॉफीतलं कॅफीनही याच एन्झाइमने मोडलं जातं. बिडी सोडलेला माणूस हात रिकामा राहू नये म्हणून चहाचे दोन कप वाढवतो, आणि सोडल्यानंतर त्याच चहातल्या कॅफीनची रक्तातली पातळी जवळपास दुप्पट होऊ शकते. चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश ही निकोटीन सुटल्याची लक्षणं आहेत आणि जास्त झालेल्या कॅफीनचीही. सोडल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात चहा निम्म्यावर आणा, विशेषतः संध्याकाळनंतरचा. एवढ्यानेही झोपेत फरक पडतो.

सर्वांत जपायला हवं ते स्किझोफ्रेनियासाठी क्लोझापिन घेणाऱ्यांना. असा रुग्ण वॉर्डात भरती होतो, तिथे ओढायला बंदी असते, आणि औषधाचा डोस तोच ठेवला तर रक्तातली पातळी दीडपट किंवा त्याहून वर जाऊ शकते. त्यातून अतिगुंगी येते, क्वचित झटकेही येतात. ओलान्झापिनचंही थोड्याफार प्रमाणात असंच. यात निकोटीनचा हात नाही, हे सगळं धुराचं काम. त्यामुळे निकोटीनचा च्युइंगम किंवा पट्टी वापरली तरी डोस तपासून घ्यावाच लागतो.

मधुमेहात गुंतागुंत वेगळी. निकोटीनमुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसल्याने टोचलेलं इन्सुलिनही सावकाश शोषलं जातं. सोडल्यावर हे दोन्ही सुधारतं, म्हणून इन्सुलिन घेणाऱ्या काहींची साखर अचानक खाली येऊ शकते. उलट, भूक वाढून वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन चढतं आणि काहींची साखर वर जाते. साखर उतरल्याची आणि तलफ आल्याची लक्षणं पुष्कळ सारखी असतात: हात कापणं, जीव घाबरा होणं, चिडचिड, भूक. अशा वेळी तलफच आहे असं धरून न चालता आधी ग्लुकोमीटर काढा. साखर उतरली असेल तर साखर खायची, आणि आकडा ठीक असेल तर ती तलफ. ती काही मिनिटांत ओसरते.

जुन्या माणसांचं एक गाऱ्हाणं ऐकून हसू नये: ‘सकाळची बिडी झाल्याशिवाय पोट साफ होत नाही.’ निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवतं, त्यामुळे ते बंद झाल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होणं स्वाभाविक आहे. मूळव्याध असलेला माणूस एवढ्याच कारणाने पुन्हा टपरीवर जातो. इसबगोल, भरपूर पाणी आणि पालेभाजीवर हे निभावतं, पण ते आधी सांगावं लागतं. काहींच्या तोंडात फोड येतात. खोकलाही काही दिवस वाढू शकतो, कारण धुराने लुळे पडलेले श्वासनलिकेतले केस पुन्हा हलू लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात. आतड्याचा एक आजार, अल्सरेटिव्ह कोलायटिस, तर सोडल्यानंतर खरोखर उसळू शकतो. अशा रुग्णाने पोटाच्या डॉक्टरांना आधी सांगूनच सुरुवात करावी.

मग आजारी माणसाने इतका खटाटोप करावा का? करावा, आणि धडधाकट माणसापेक्षा आधी करावा. अमेरिका आणि कॅनडातल्या ‘लंग हेल्थ स्टडी’त ५,८८७ धूम्रपान करणारे होते, सगळ्यांच्या श्वासनलिकांत अडथळा सुरू झालेला. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर टाकता येते हे त्यांच्यापैकी बहुतेकांचं ११ वर्षांनंतरही मोजलं गेलं. ओढत राहिलेल्या पुरुषांची ही क्षमता दरवर्षी सरासरी ६६ मिलिलिटरने घटत होती, सोडलेल्यांची ३० मिलिलिटरने. म्हणजे सोडलेल्यांची घट वयोमानाने होते साधारण तेवढीच. याच अभ्यासात पंपातून दिलेल्या औषधाने ही घट मंदावली नव्हती. गेलेलं फुप्फुस परत येत नाही, पण उरलेलं टिकतं, आणि सत्तरीत जिना चढता येणं त्या उरलेल्यावर अवलंबून असतं. हृदयविकाराच्या रुग्णांवरील अभ्यासांचा २००३ मधला एक मोठा आढावा सांगतो की, सोडणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ओढत राहणाऱ्यांपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी होतं.

मानसिक आजार असलेल्यांना ‘निदान तेवढा तरी आधार राहू दे’ म्हणून सूट दिली जाते. ही माया महागात पडते. निकोटीन श्वासातून मेंदूत पोचायला दहा-वीस सेकंद लागतात आणि रक्तातलं त्याचं प्रमाण दोनेक तासांत निम्म्यावर येतं. मग जी बेचैनी होते, ती पुढच्या बिडीने शमते. त्या माणसाला वाटतं, बिडीने ताण गेला. प्रत्यक्षात तो ताण आधीच्या बिडीनेच ठेवलेला असतो. पहिले काही आठवडे ओलांडले की सोडलेल्यांची चिंता आणि उदासी सरासरीने कमी झालेली आढळते, मानसिक आजार असलेल्यांचीही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ईगल्स’ चाचणीत आठ हजारांवर लोक होते, त्यांतले निम्मे मानसिक आजाराचे. धूम्रपान सोडायला मदत करणाऱ्या व्हॅरेनिक्लिन या गोळीचा उपयोग त्यांच्यातही सर्वाधिक झाला आणि स्थिर अवस्थेतल्या रुग्णांत तिच्यामुळे मानसिक त्रास लक्षणीय वाढल्याचं आढळलं नाही. मूत्रपिंडं फार बिघडलेली असतील तर तिचा डोस कमी करावा लागतो. दुसरी गोळी ब्युप्रोपिऑन, ती फिट येणाऱ्यांना चालत नाही. म्हणजे स्वतःच्या मनाने घ्यायची ही औषधं नाहीत.

निकोटीनचा च्युइंगम आपल्याकडे बऱ्याचदा चुकीच्या पद्धतीने खाल्ला जातो, पान चघळावं तसा. रस गिळला जातो, उचकी लागते, छातीत जळजळतं आणि ‘हे आपल्याला झेपत नाही’ असं ठरतं. चव तिखट लागेपर्यंत सावकाश चावायचा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. त्याआधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा-कॉफी, सरबत नको.

सोडायची तारीख ठरली की चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे जा. ‘अमुक दिवसापासून बिडी बंद करतोय, यातल्या कुठल्या डोसवर परिणाम होईल?’ असं स्पष्ट विचारा आणि पुन्हा कधी दाखवायचं तेही विचारून घ्या. मनाने डोस कमी करू नका. त्रास वाढला तर झुरका न मारता आधी डॉक्टरांना फोन करा. सोडण्यासाठी मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक आहे, तो मोफत आहे आणि सिगारेटच्या पाकिटावरही छापलेला असतो.