उकळत्या रश्श्यातला खेकडा आणि प्रवाळातली शेवंड

मंडळी, बीडमध्ये उभं राहून समुद्रातल्या शेवंडीवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. पण ओढ्यातला काळपट-हिरवट खेकडा उकळत्या रश्श्यात पडला की लालबुंद होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तिथूनच सुरुवात करू.

तो लाल रंग मसाल्याचा नव्हे. अस्टाझॅन्थिन नावाचं तांबडं रंगद्रव्य कवचात आधीपासूनच असतं, प्रथिनांनी त्याला धरून ठेवलेलं असतं म्हणून ते निळसर, काळपट दिसतं. उष्णतेनं प्रथिनाची पकड सुटते, लाल उघडा पडतो. प्रवाळातली छोटी शेवंड, शास्त्रीय नाव एनोप्लोमेटोपस, ही जिवंतपणीच अशी शेंदरी-तांबडी असते. एका जातीच्या अंगावर तर जांभळे ठिपके! हॉल्टहाउस या डच शास्त्रज्ञानं १९८३ साली तिला डेबेलियस हे नाव दिलं. लांबी जेमतेम वीतभर, तीही नाही. मग इतकी भडक असून ती शिकाऱ्याला दिसत कशी नाही? पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. त्यामुळे खोलवर लाल वस्तू काळीच दिसते. शिवाय ही बाई दिवसभर कपारीत, बाहेर पडते रात्री. तिचा झगमगाट दिसतो तो फक्त आपल्याला, काचेच्या टाकीत दिवा लावल्यावर. म्हणून तर शौकिनांच्या बाजारात तिला मागणी.

आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या शेवंडीला मात्र मागणी ताटासाठी. तिला खेकड्यासारख्या नांग्या नसतात, लांब काटेरी मिशा असतात. आणि मुंबईसमोरच्या वाळूत तिची एक चपटी बहीण होती, थीनस. ट्रॉलरच्या जाळ्यात ती १९७८च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर येऊ लागली आणि १९९४पर्यंत जवळजवळ संपली. सोळा वर्षांत! कारण साधं आहे. मादी अंडी पोटाखाली चिकटवून हिंडते, तीही काटेरी शेवंडीपेक्षा कितीतरी कमी. जाळं तळ खरवडत जातं, त्यात आई आणि पुढची पिढी एकदमच वर येते. पेरणीचं बियाणंच दळून खाल्लं तर पुढं काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

केंद्रानं २००३ साली निर्यातीसाठी किमान वजन ठरवून दिलं: चपटीला १५० ग्रॅम, आपल्याकडच्या काटेरीला ३००. मुंबईची चपटी शेवंड जाऊन तोवर नऊ वर्षं झाली होती.